स्क्रूच्या दाताआधी

भातसेकाठच्या सापगावातल्या एक मावशी शहापूरच्या दवाखान्यात खुर्चीवर बसल्या आहेत. खालची दाढ गेलीय, तिथे 'स्क्रूचा दात' हवाय. पैशांची तजवीजही झालीय. डॉक्टरबाई मात्र आधी उरलेले दात बघतात.

त्यांच्या हातात बोथट टोकाची बारीक सळई आहे, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडी यांच्यामधून ती अलगद आत सरकते, एकेका दाताला सहा ठिकाणी. मदतनीस मुलगी आकडे लिहून घेते. 3 पर्यंत ठीक. मागच्या दाढांशी 5, 6 येतात, म्हणजे हिरडी दातापासून सुटलीय. रक्त फारसं येत नाही म्हणून मावशींना बरं वाटतं. डॉक्टरबाई विचारतात, "मिश्री किती वेळा लावता?" निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तंबाखूवाल्यांच्या हिरड्यांतलं दुखणं पुष्कळदा लपून राहतं.

"मशीनने साफ केलं की दात हलतात म्हणे," मावशी धास्तावून म्हणतात. या समजुतीने गावोगाव चांगले दात घालवलेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. खरं तर हाड आधीच झिजलेलं असतं. कीटण गिलाव्यासारखं दातांना धरून असतं, ते निघालं की झीज कळते, इतकंच.

वरवरचं कीटण मशीनने निघतं. खोलातलं काढायला भूल देऊन हातातलं आकडीचं हत्यार मुळावरून खालून वर ओढावं लागतं. तिथलं काही दिसत नाही. खरखर बोटांना जाणवते, मूळ गुळगुळीत झालं की तीही थांबते. कापसावर काळपट, खड्यासारखा कण येतो. मावशी तो निरखून बघतात. "हे माझ्या दातातलं?"

मग स्क्रूच्या दाताआधी हे सगळं कशाला? स्वीडनचे संशोधक ब्रेनमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. हाड या धातूला घट्ट धरतं. पण खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे धागे रुतलेले असतात, तसे ते स्क्रूत रुतत नाहीत. शेजारच्या दाढांमधले जंतू तिथे पोचले, की हाडापर्यंत जायला त्यांना फारशी आडकाठी उरत नाही. बसवलेला स्क्रू मग हलायला लागतो, आणि घातलेला पैसाही जातो.

म्हणून आधी सफाई, गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारी रक्ततपासणी, काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी. स्क्रू परवडत नसेल त्यानेही एवढं करावंच. त्यासाठी जवळच्या आसनगावहून लोकलने सीएसएमटी गाठली की सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे.

मावशींची पुढची मोजणी भाताची आवणी आटोपल्यावर ठरते. तोवर मिश्री बंद, ही अट.

"बघते," मावशी म्हणतात.

"बघते नाही मावशी, बंद."