अंश आणि छेद

साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या तिथल्या 46 जणांचं स्मारक गावात उभं आहे. मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. त्यामुळे असा आकडा दिसला की खाली आडवी रेघ मारून छेद लिहायची खोड जात नाही. युद्धं ओसरत चालली आहेत असं म्हणणाऱ्यांची सगळी भिस्त या छेदावर आहे.

हे म्हणणं स्टीव्हन पिंकर यांनी 2011 साली जाडजूड ग्रंथ लिहून घरोघरी पोचवलं. दुसऱ्या महायुद्धात सहा ते आठ कोटी माणसं मेली, म्हणजे तेव्हाच्या जगातली शंभरामागे जवळपास तीन. पुढे कोरिया झालं, व्हिएतनाम झालं, इराण-इराक झालं. तरी लोकसंख्येच्या मानाने रणात पडणाऱ्यांचं प्रमाण चढत-उतरत खालीच आलं. फ्रान्स आणि जर्मनी 1870, 1914 आणि 1940 असे सत्तर वर्षांत तीनदा भिडले. एकट्या व्हर्दंला 1916 मध्ये दोन्हीकडचे मिळून तीन लाखांच्या आसपास गेले. 1951 च्या कराराने त्यांनी आपला कोळसा आणि पोलाद, म्हणजे तोफा ओतायचा मालच, आणखी चार देशांसह एका सामाईक मंडळाकडे सोपवला. आज ती सीमा ओलांडून लोक रोज कामाला जातात.

हे खोटं नाही. पण मला लुईस फ्राय रिचर्डसन आठवतो. हा इंग्रज गणिती क्वेकर पंथाचा. शस्त्र धरायचं नाही म्हणून त्याने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली, आणि फावल्या वेळात हवामानाची गणितं मांडली. लढाईच्या धामधुमीत ते हस्तलिखित हरवलं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं! 1920 मध्ये हवामान खातं हवाई मंत्रालयाकडे गेलं तेव्हा त्याच तत्त्वापायी त्याने तिथली नोकरी सोडली. पुढे त्याने 1820 पासूनची युद्धं मोजायला घेतली. भूकंपासारखी त्यांना प्रत दिली: हजार मेले तर तीन, दहा लाख मेले तर सहा. सातच्या घरात दोनच बसली, दोन्ही महायुद्धं. आणि युद्धं सुरू होण्याच्या वर्षांना ताल सापडला नाही. ती वाटेल तेव्हा येत होती.

वर्गात मी हे एसटीवरून सांगायची. वेळापत्रक नसलेल्या फाट्यावर तासभर गाडी आली नाही, तर ती बंदच झाली असं म्हणता येईल का? एरॉन क्लॉसेट या संशोधकाने 2018 मध्ये हाच प्रश्न 1945 नंतरच्या शांततेला विचारला. त्याचं उत्तर असं की ही शांतता आणखी निदान शंभर ते एकशेचाळीस वर्षं टिकली, तरच तिला खात्रीने कल म्हणता येईल.

शिवाय अंशातही मेख आहे. पेनिसिलिन आलं, जखमींना उचलायला हेलिकॉप्टर आलं. पूर्वी मेलेल्यांत धरला गेला असता असा जवान आज एक पाय गमावून घरी येतो, आणि या हिशेबातून निसटतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातली मंडळी दरवर्षी जगातले संघर्ष मोजतात. 2024 मध्ये, किमान एका बाजूला सरकार आहे असे, त्यांनी 61 मोजले. 1946 पासूनच्या त्यांच्या नोंदींत एवढे कधीच नव्हते. रवांडातल्या 1994 च्या वंशसंहारानंतरचं सर्वांत घातक वर्ष ठरलं 2022, युक्रेनपेक्षाही इथिओपियामुळे. आपल्या बातम्यांत इथिओपिया किती वेळा आलं होतं?

माझी आत्याआजी शाळेत गेली नव्हती. तिचे दोघे भाऊ मराठा पलटणीत बसऱ्याकडे गेले होते. महायुद्धाचा विषय निघाला की ती जात्याच्या पाळीवर बोट आपटून म्हणायची, "दोघं गेलं, येक आला." मी तिला एकदा जगाची टक्केवारी सांगायला गेले होते. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्यात आमचा धाकला कुठं धरलाय, वर का खाली?"