शाळेतील वृक्षसंगोपन व त्याची नोंदवही

वनमहोत्सवाची प्रथा कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली सुरू केली. तेव्हापासून जुलै महिन्यात शाळांच्या आवारात रोपे लावली जातात व त्यांची संख्या वरिष्ठांकडे कळविली जाते. या संख्येवरून खड्डे किती खणले, एवढेच समजते. पावसाळ्यात रोप सहसा तगते. त्याची खरी परीक्षा चैत्र-वैशाखात होते, आणि नेमकी त्याच सुमारास शाळेला उन्हाळी सुट्टी लागते.

म्हणून नोंदवहीत लागवडीच्या तारखेशेजारी आणखी एक रकाना असावा : शाळा पुन्हा उघडल्यावर जिवंत आढळलेली रोपे. मेलेल्या रोपापुढे कारणही लिहावे. शेळीने खाल्ले, वाळवी लागली, पाणी मिळाले नाही, या प्रत्येकावरील उपाय निराळा आहे. शेळीसाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे. वाळवीसाठी खड्ड्यात निंबोळीची पेंड घालतात. पाण्याची व्यवस्था मात्र माणसांवर अवलंबून असते. सुट्टीत गावातच राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या एप्रिलमध्येच ठरवाव्या लागतात. आळ्यात पालापाचोळा पसरल्यास ओल अधिक दिवस टिकते व पाळ्या विरळ ठेवता येतात.

नोंद मुलांनीच करावी. आपली पाळी चुकल्याने करंज वाळला, असे चौथीतील एखाद्या मुलाने प्रामाणिकपणे लिहिले, तर त्यास शिक्षा करू नये. नाहीतर पुढील वर्षी सर्वच रोपे शेळ्यांनी खाल्ल्याचे वहीत आढळेल. मेलेल्या रोपाच्या जागी नवे लावल्यास त्यास जुना क्रमांक देऊ नये, नवा द्यावा.