शेजारच्या खोलीपर्यंत

लेखमाला ‘आपली इमारत’ : भाग 6

गेल्या आठवड्यात राहत्या इमारतींचे जिने पाहिले. तिथला नियम साधा होता: लिफ्टचा नाद सोडा, जिन्यानं उतरा, रस्त्यावर या. हाच नियम रुग्णालयात जसाच्या तसा लावला, तर तो माणसं मारील. एका हाताला सलाइन, नाकात नळी, काल ऑपरेशन झालेलं, अशा माणसाला ‘पळा’ म्हणून काय उपयोग? तो पळू शकत नाही म्हणून तर तिथं आहे.

मुंबईतले जुहूकर म्हणतील, आमच्याकडे टोलेजंग इमारती नाहीतच. खरं आहे. विमानतळामुळे इथं उंचीवर बंधन आहे. जुहूच्या कडेला पालिकेचं कूपर रुग्णालय आहे, आणि आत गल्लोगल्ली नर्सिंग होम: खाली औषधांचं दुकान, मध्ये ओपीडी, वर खाटा. पण उंची कमी म्हणजे धोका कमी, हे गणित चुकीचं आहे. अंधेरीत मरोळचं कामगार रुग्णालय काही मनोरा नव्हतं. 17 डिसेंबर 2018 ला दुपारी चारच्या सुमारास तिथं आग लागली ती तळमजल्यावर. रुग्ण होते वरच्या मजल्यांवर. त्यांच्यापर्यंत ज्वाळा पोचण्याआधीच धूर पोचला, आणि दर्शनी काचेमुळे तो आत कोंडला. अग्निशमन दलाला काचा फोडाव्या लागल्या. जीव वाचवायला खिडकीतून उड्या मारणारेही होते. मृतांचा आकडा त्या दिवशी सहा होता, नंतर तो वाढला.

धूर माणसासारखाच जिन्यानं जातो, फक्त वरच्या दिशेनं. लिफ्टचा खड्डा, केबलची भोकं, एसीचे डक्ट ही त्याची धुराडी. 2011 च्या डिसेंबरात कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात आग तळघरात लागली. नव्वदच्या आसपास माणसं गेली ती वरच्या मजल्यांवर, बहुतेक गुदमरून. फोमची गादी, प्लास्टिकच्या नळ्या, रेक्झीन जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, सायनाइडचा वायूही निघतो. दोन-चार श्वासांत माणूस गोंधळतो. दार समोर असून सापडत नाही.

मग करायचं काय? आडवं सरकायचं. रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेच्या शास्त्रातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आणि आपल्याकडे सर्वांत कमी माहीत असलेली. चांगल्या बांधलेल्या रुग्णालयात प्रत्येक मजला आगरोधक भिंतींनी आणि दारांनी कप्प्याकप्प्यांत वाटलेला असतो. एका कप्प्यात आग लागली की रुग्णाला त्याच मजल्यावरच्या शेजारच्या कप्प्यात ढकलायचं आणि मधलं जड दार लावून घ्यायचं. ते दार धड असेल तर तासभर तरी वेळ मिळतो. जिन्याचा विचार त्यानंतर, तोही दलाची माणसं आल्यावर. खाटेला चाकं असतात ती याचसाठी कामी येतात. चाकं नसतील तर गादीसकट खाली घ्यायचं, चादरीची टोकं गुंडाळायची आणि जमिनीलगत ओढत न्यायचं. धूर वर असतो, हवा खाली.

भंडाऱ्याची आठवण इथं टाळता येत नाही. 9 जानेवारी 2021, मध्यरात्र उलटून गेलेली. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात 17 बाळं होती. ती दोन लगतच्या खोल्यांत विभागलेली होती. आग एका खोलीत लागली. त्या खोलीतली 10 बाळं गेली. शेजारच्या खोलीतली 7 वाचली. गेलेल्या दहांपैकी तिघं भाजून आणि सात जण धुरानं गुदमरून गेले, असं आरोग्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितलं. एका भिंतीचा फरक. मी हे आकडे अनेकदा वाचले आहेत; दर वेळी त्या भिंतीपाशी थांबतो.

त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. तरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात पहाटे तीनच्या सुमारास अतिदक्षता विभाग पेटला, 15 रुग्ण गेले. नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात 11. जागा पाहा: पुन्हा पुन्हा अतिदक्षता विभागच. याला कारण आहे. तिथं एसी, व्हेंटिलेटर, पंप, मॉनिटर चोवीस तास चालतात, वायरींना कधी विसावा नाही. कोविडच्या दिवसांत त्यांवरचा भार आणखी वाढला. जुहूसारख्या ठिकाणी समुद्राची खारी हवा आहेच. एसीच्या बाहेरच्या युनिटचा पत्रा इथं किती लवकर कुजतो ते कुणाही रहिवाशाला विचारा. पत्रा कुजतो तसे तारांचे जोडही गंजतात. गंजलेला जोड सैल पडतो, सैल जोड तापतो.

आणि प्राणवायू. हवेत तो 21 टक्के असतो. खोलीत गळतीनं तो थोडासा जरी वाढला, तरी एरवी धुमसून विझणारी चादर भडकते. म्हणून प्रत्येक विभागाच्या बाहेर, भिंतीतल्या काचेच्या पेटीत, प्राणवायूची नळी बंद करायचा व्हॉल्व्ह असतो. तो फिरवला की आगीचं खाद्य तोडलं जातं, पण त्याच क्षणी आतल्या सगळ्यांचा प्राणवायूही थांबतो. हा निर्णय कुणी घ्यायचा? पहाटे तीन वाजता तिथं ना अधीक्षक असतात, ना इंजिनिअर. असते ती ड्यूटीवरची सिस्टर. तिला त्या पेटीची जागा माहीत हवी. व्हॉल्व्ह फिरवण्याआधी कोणत्या रुग्णाला सुटा सिलिंडर लावायचा आणि कुणाला हातानं श्वास देणारी अंबू बॅग दाबत न्यायचं, हेही डोक्यात पक्कं हवं. तेवढं धैर्य आयत्या वेळी येत नाही. ते आधी दहा वेळा केलेल्या सरावातून येतं.

आता हिशेब मांडू. व्हेंटिलेटरवरचा एक रुग्ण हलवायला किमान तिघं लागतात: एक अंबू बॅग दाबायला, एक खाट ढकलायला, एक पंप आणि सिलिंडर सांभाळायला. समजा विभागात दहा रुग्ण आहेत. रात्रपाळीला दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय (मामा), एक आया (मावशी). गणित जमत नाही. 101 ला फोन लगेच करायचाच, पण जुहू तारा रोडवर बंब येईपर्यंतची पहिली पाच-सात मिनिटं या चौघांचीच असतात. म्हणून आगीच्या सर्वांत जवळचा रुग्ण आधी हलवायचा. चालू शकणाऱ्यांना एकाच माणसामागे रांगेनं पाठवून जागा मोकळी करायची. आणि आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल तरच कुणीतरी एकानं विझवायला जायचं. विजेच्या उपकरणाला कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं वापरायचं, पाणी नाही.

या हिशेबात एक माणूस कुणी धरतच नाही: नातेवाईक. आपल्या रुग्णालयांत रात्री खाटेशेजारी चटई टाकून कुणीतरी निजलेलं असतंच. जुहूच्याच मोरागावचा एखादा कोळी, नेहरूनगरातली एखादी सून. मॉक ड्रिलमध्ये त्यांना बाहेर काढून ठेवतात, म्हणजे गर्दी नको. माझ्या मते हे उलटं आहे. चादरीची दोन टोकं धरायला लावा. दोन मिनिटांत शिकतील.

कायदाही आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीच्या मालकानं किंवा भोगवटादारानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन ते दाखल करायचं असतं. त्याला ‘नमुना ब’ म्हणतात. तो कुणी मागत नाही असं नाही, पण दाराला टेकवलेलं स्टूल प्रमाणपत्रात उतरत नाही. आगरोधक दार जड असतं, सारखं उघडझाप करायला त्रास होतो, म्हणून ते उघडं राहावं अशी सोय कुणीतरी केलेली असते. दुसरीकडे, चोरी होऊ नये म्हणून जिन्याच्या जाळीला कुलूप असतं आणि किल्ली वॉचमनच्या खिशात.

काकांना जुहूच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं तेव्हा रात्री झोप येईना म्हणून मी त्यांच्या खाटेपासून मागच्या दारापर्यंत पावलं मोजली. बावीस. दारावर हिरवा दिवा होता, कुलूप नव्हतं. ढकललं तर चार बोटं उघडलं आणि अडलं. पलीकडे धुवायच्या चादरींचे गठ्ठे रचले होते. सिस्टरला सांगितलं. तिनं आधी माझ्याकडे, मग दाराकडे पाहिलं आणि मामांना हाक मारली. सव्वादोनला आम्ही तिघांनी ते गठ्ठे एकेक करून लिफ्टशेजारच्या खोलीत नेले.