मुलगा ट्रेलरवर रुजू होतो तेव्हा

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक हे गाव भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना कुकडीच्या काठी सापडणाऱ्या प्राचीन ज्वालामुखीच्या राखेमुळे परिचित आहे. परिसरातील लोकांना ते ऊस, कांदा आणि टोमॅटो पिकवणारे गाव म्हणून ठाऊक आहे. पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, तो आळेफाटा येथून जवळच. साहजिकच या भागातील तरुणाच्या हाती नांगराच्या बरोबरीने स्टिअरिंगही लवकर येते. सुरुवात बहुधा पिकअपने होते. पहाटे टोमॅटोच्या जाळ्या भरून नारायणगावचा बाजार गाठायचा आणि दुपारी जेवायला घरी यायचे. पुढे केव्हातरी एखादा परिचित निरोप घेऊन येतो की चाकणच्या एका ट्रान्सपोर्टला चालक हवा आहे, गाडी फ्लॅटबेड ट्रेलर आहे, पगार बरा आहे. पिकअपवरचा मुलगा चाळीस फुटी गाडीवर जातो आणि संध्याकाळी घरी येणारा माणूस आठ-आठ दिवसांनी घरी येऊ लागतो.

आपल्या घरातून असा एखादा मुलगा, नातू वा जावई नव्या नोकरीवर निघाला असेल, तर त्याच्या आणि आपल्या प्रकृतीविषयी चार गोष्टी येथे मांडावयाच्या आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना वाटते, ‘रस्त्यावरचे त्याचे तो पाहील, आपण काय करणार?’ हा समज खरा नाही. चालकाची झोप ही त्याच्या सुरक्षिततेतील सर्वांत मोठी बाब आहे, आणि त्या झोपेचा मोठा हिस्सा घरात, आपल्या डोळ्यांदेखत मिळतो किंवा हिरावला जातो.

फ्लॅटबेड म्हणजे बाजूच्या भिंती आणि छप्पर नसलेला सपाट ट्रेलर. त्यावर पोलादी कॉइल, लोखंडी सळ्या, यंत्रे, कंटेनर असा माल लादला जातो. बंद गाडीच्या चालकाला दार लावून निघता येते, येथे मात्र माल साखळदंड आणि पट्टे यांच्या बळावरच जागेवर राहतो. ते आवळणे, वर ताडपत्री ओढणे, निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून सैल झालेले पट्टे पुन्हा ताणणे, ही सारी कामे बहुतांशी चालकाच्याच माथी येतात. म्हणजे तासन्‌तास बसून राहण्याच्या कामाला अधूनमधून हमालीची जोड. शरीराला हे मिश्रण फार जड जाते. सलग बसल्याने आणि गाडीच्या हादऱ्यांनी कंबर आखडलेली असते. त्याच अवस्थेत उतरून लगेच साखळी ओढली, तर कंबरेत उसण भरण्यास वेळ लागत नाही. उतरल्यावर पाच-सात मिनिटे चालावे, कंबर मोकळी करावी, मग वजनाला हात घालावा. दुसरी सवय उडी मारण्याची. ट्रेलरचा पाटा छातीच्या आसपास उंचीवर असतो आणि तरुण मुले त्यावरून सरळ खाली उडी घेतात. पंचविशीत याचे काही वाटत नाही, चाळिशीत गुडघे आणि टाचा त्याचा हिशेब मागतात. गाडीकडे तोंड करून, दोन हात व एक पाय किंवा दोन पाय व एक हात टेकलेले ठेवून उतरावे, हे त्याला एकदा जरूर सांगा. ज्यांनी आयुष्यभर बैलगाडीतून आणि मळ्यावरून पोती उतरवली, त्यांच्या तोंडून हे ऐकले की मुलगा ऐकतो. डॉक्टरांचे ऐकेलच असे नाही.

परवान्याच्या वेळी वैद्यकीय तपासणी होते. मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर आधीचा लागतो आणि ‘नमुना १-अ’ हे डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे लागते. पुढे नूतनीकरण ५ वर्षांनी. रक्तातील साखर आणि रक्तदाब यांच्या दृष्टीने ५ वर्षे हा फार मोठा काळ आहे. येथे आपले काम असे की घराण्याचा इतिहास त्याला सांगावा. आपल्याला मधुमेह केव्हा निघाला, त्याच्या आजोबांना अर्धांगवायू कोणत्या वयात झाला, कोणाला काचबिंदू होता, हे त्याला ठाऊक नसते. घराण्यात मधुमेह असेल तर रुजू होण्यापूर्वी साखर, रक्तदाब आणि रात्रीच्या दृष्टीसह डोळे तपासून घ्यावेत व पुढे वर्षातून एकदा तरी पुन्हा पाहावेत.

साखरेची गोळी सुरू झाली असेल, तर एक गोष्ट फार महत्त्वाची. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण चुकले तर साखर एकाएकी उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, नजर धूसर होते. अशा वेळी ‘ढाबा आलाच’ म्हणत पुढे रेटू नये. गाडी बाजूला घ्यावी, साखर किंवा गूळ तोंडात टाकावा आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत चावीला हात लावू नये. आपली गोळी या प्रकारची आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि आपण ट्रेलर चालवतो हे त्यांना आवर्जून सांगावे. सर्दी-खोकल्याच्या कित्येक साध्या औषधांनीही गुंगी येते. घरातील डब्यातली पट्टी प्रवासाच्या बॅगेत टाकण्यापूर्वी एवढी चौकशी हवीच.

झोपेविषयी

आता मुख्य विषय. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे त्यात आढळले. आपल्या देशात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे ५ वाजता उठून रात्री १० वाजता गाडी सुरू करणारा निर्व्यसनी मुलगा या हिशेबाने त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो, आणि त्याच्या तोंडाला कसलाही वास येत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात चार सेकंद डुलकी लागली, तर गाडी सुमारे ६५ मीटर कोणाच्याही ताब्याविना जाते.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये झालेल्या कायद्याने दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा घातली, लांब पल्ल्यासाठी थोडी सवलत ठेवली आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली. कागद उत्तम आहे. परंतु खेपेगणिक भत्ता असेल तर मुलगा स्वतःच हे तास मोडतो. म्हणून ‘पगार किती?’ या प्रश्नाच्या आधी ‘महिन्याचा की खेपेचा?’ हे विचारा. बंदरावर किंवा कारखान्याच्या फाटकापाशी रांगेत काढलेली रात्र ही विश्रांती नव्हे, हेही ध्यानात असू द्या. दर वीस मिनिटांनी गाडी दहा फूट पुढे घ्यावी लागते, त्यात झोप कसली?

आणि असा मुलगा जेव्हा घरी येतो, तेव्हा आपण काय करतो? शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची असते. ‘तू आलाच आहेस, तर उसाला पाणी दे.’ दुसऱ्या दिवशी भावकीतली हळद. तिसऱ्या दिवशी आपल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचे असते, कारण तो नसताना ते राहिलेले असते. चौथ्या पहाटे तो चाकणला निघतो. यात कोणाचाही दुष्टपणा नाही. सगळी कामे खरी आहेत, आपले डोळे तर फारच खरे. तरीही तो निघाला तेव्हा त्याची झोप किती झाली होती, याचा हिशेब कोणी मांडलेला नसतो.

तो मांडण्याचा मान घरातील ज्येष्ठांचा. आल्यानंतरची पहिली रात्र आणि निघण्यापूर्वीची रात्र या दोन रात्री कोणाच्याही नाहीत, असे घरात जाहीर करून टाका. रात्रीच्या पाण्याला मजूर लावावा लागला तर लावा, शेजाऱ्याशी पाळी बदलून घ्या, एखादे लग्न चुकले तर चुकू द्या. ‘आमचा मुलगा झोपला आहे’ हे वाक्य पाहुण्यांपुढे संकोच न करता म्हणता यायला हवे. दिवसा झोपणाऱ्या जवान मुलाला आळशी म्हणण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे, ती या घरापुरती सोडावी. तो झोपेत मोठ्याने घोरत असेल, मधेच श्वास अडकून दचकत असेल, पुरेसे झोपूनही दिवसा पेंगत असेल, तर ती गाढ झोपेची खूण समजू नका. झोपेत श्वास खंडित होण्याचा विकार असू शकतो व त्यावर उपचार आहेत. हे लक्षण चालकाला स्वतःला कधीच दिसत नाही, पलीकडच्या खाटेवरील आईला किंवा पत्नीलाच दिसते.

डब्याविषयी एवढेच सांगतो. आळेफाट्याच्या परिसरात पाहुणचार म्हणजे मासवडी. ती तो येईल त्या दिवशी करा, निघण्याच्या दिवशी नको. जड जेवणानंतरची दुपार आणि पहाटे २ ते ५ ही वेळ डोळा लागण्याची. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले फुटाणे, काकड्या द्याव्यात आणि पाण्याचा मोठा कॅन द्यावा. लघवीला थांबावे लागू नये म्हणून चालक पाणीच कमी पितात. त्यातून मुतखडा आणि मूत्रमार्गाचा दाह उद्भवतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मालवाहू ट्रकांत चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे. पण नवख्या चालकाच्या हाती बहुधा जुनीच गाडी येते, तेव्हा उन्हाळ्यात पाण्याचे हे भान अधिक ठेवावे लागते. उन्हात उभ्या केबिनमध्ये इन्सुलिन खराब होते, हेही ओघाने आले.

फोन

रात्री ११ वाजता आपल्याला झोप येत नाही आणि आपण फोन लावतो. तो उचलतो, कारण आईचा फोन आहे. घाट चालू असतो. हे टाळण्याचा एकच मार्ग आहे. फोन त्याने करायचा, गाडी उभी असताना, ठरलेल्या दोन वेळी. आपण करायचा नाही. एखादा फोन चुकला तर त्याचा अर्थ अपघात असा नाही, हे दोघांनी आधीच बोलून घ्यावे. मोबाइलवर गाडीचा सरकणारा ठिपका रात्रभर पाहत बसणाऱ्या काही आजीबाई असतात. त्यांचा रक्तदाब त्या ठिपक्याबरोबर घाट चढतो. तो ठिपका सुनेच्या फोनवर असू द्या.

मग तातडीचे काही झाले तर? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, शेजारचा एक विश्वासू माणूस, मुलीचा किंवा पुतण्याचा क्रमांक, ट्रान्सपोर्टच्या कचेरीचा क्रमांक, अशी यादी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ आहे. राष्ट्रीय महामार्गावर त्याला मदत लागली तर १०३३ आहे, तो त्याच्या फोनमध्ये हवा. आपल्या दुखण्याची बातमी मात्र त्याच्यापासून लपवू नका. ‘त्याला कशाला घोर’ म्हणून दोन वेळा लपवलेले त्याला बाहेरून कळले, की पुढे आपण ‘बरी आहे’ म्हटले तरी त्याचा विश्वास बसत नाही आणि तो गाडी चालवता चालवता शेजाऱ्यांना फोन करून खातरजमा करू लागतो. खरे सांगा, फक्त गाडी उभी असताना सांगा.

आपली व्यवस्था

आजवर आपल्या गोळ्या तोच आणत होता, तपासणीला तोच नेत होता. तो निघण्यापूर्वी एका कागदावर औषधांची नावे, मात्रा आणि वेळा लिहून घ्या. एक प्रत घरात, एक त्याच्या फोनमध्ये. महिन्याची औषधे एकदम आणा, सकाळ-दुपार-रात्र अशा कप्प्यांच्या डबीत आठवड्याची भरून ठेवा. ती भरण्याचे काम कोणाचे, हे नाव घेऊन ठरवा. ‘कोणीतरी भरेल’ म्हटले की कोणीच भरत नाही, आणि बहुधा सारे सुनेवर पडते. तिच्यावर शेत, गोठा, मुले आणि आता आपण दोघे. तिलाही आठवड्यातून एक दुपार मोकळी हवी, हे आपणच सुचवले तर बरे. वयाची ७० वर्षे झाली असतील, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते. त्याच्यासाठी बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्यावा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. हप्ता खात्यातून आपोआप जातो, तेवढी शिल्लक मे महिन्याच्या अखेरीस खात्यात आहे ना, हे पाहायचे.

शेवटी जुन्नरच्या बाजूची एक खास काळजी. ट्रेलर गावात येत नाही. तो हमरस्त्यावर उतरतो आणि उसाच्या कडेने वस्तीवर चालत येतो, बहुतेक वेळा रात्री. या तालुक्यात बिबट्याचा वावर किती आहे, हे येथील लोकांना सांगावयास नको. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. दमलेला, खांद्यावर बॅग घेतलेला, कानात गाणी लावून चालणारा एकटा माणूस तेथे नसावा. फाट्यावर उतरताच त्याने फोन करावा, घरातून कोणीतरी दुचाकी आणि मोठी बॅटरी घेऊन जावे. कोणी जाण्याजोगे नसेल, तर उजाडेपर्यंत त्याने फाट्यावरच, गाडीत किंवा ओळखीच्या हॉटेलात, झोप काढावी. सकाळी ७ वाजता आला तरी चहा तोच आहे.