खोडून लिहिलेले कायदे

विस्कॉन्सिनचे फ्रेड रिसर १९५६ साली पहिल्यांदा आमदार झाले आणि जानेवारी २०२१मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी, पायउतार झाले. आधी असेंब्ली, १९६२पासून सिनेट. अमेरिकेतल्या कुठल्याच राज्यात इतकी प्रदीर्घ आमदारकी कुणी केलेली नाही. वडील, आईकडचे आजोबा आणि पणजोबाही याच विधिमंडळात होते. पण घराण्यांचं आपल्याला काय कौतुक! थक्क करते ती त्यांची एका लेखणीशी झालेली झुंज.

ही लेखणी गव्हर्नरची. १९३०च्या घटनादुरुस्तीनं त्याला खर्चाच्या विधेयकातला नको तो भाग खोडून उरलेल्यावर सही करायची मुभा दिली. ‘भाग’ म्हणजे किती, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग वाक्यातून शब्द गेले, आकड्यांतून अंक गेले, आणि पुढे अक्षरंही. ‘सरकार’मधला ‘सर’ खोडला की ‘कार’ उरते. अशा उरलेल्या अक्षरांतून आमदारांच्या स्वप्नातही नसलेला कायदा जन्माला यायचा! रिसर सिनेटचे अध्यक्ष असताना सिनेट कोर्टात गेली आणि १९८८मध्ये हरली. अखेर १९९०मध्ये मतदारांनीच अक्षरं खोडून नवे शब्द बनवायला बंदी घातली. रिसर फेडरल कोर्टातही हरले. १९९७मध्ये मात्र त्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बाजी मारली: मूळ आकडा खोडून त्याजागी आपला लहान आकडा लिहायची गव्हर्नरची सोय खर्चाच्या तरतुदींपुरतीच राहिली, कर्जरोख्यांच्या मर्यादेला ती लागू नाही.

आमदारांकडेही एक हत्यार असतं: गैरहजेरी. २०११मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांचे हक्क छाटणारं विधेयक आलं. ३३ जणांच्या सिनेटमध्ये आर्थिक विधेयकाला किमान २० हजर लागतात आणि रिपब्लिकन होते १९. चौदा डेमोक्रॅट सरळ हद्द ओलांडून शेजारच्या इलिनॉयमध्ये जाऊन बसले. त्यांत ८३ वर्षांचे रिसरही! तीन आठवडे कामकाज अडलं. मग रिपब्लिकनांनीही खोडाखोडच केली. पैशांची कलमं काढून टाकली, त्याबरोबर विसाची अट गेली, आणि उरलेलं विधेयक मंजूर.

रिसर निवृत्त झाल्यावर, २०२३मध्ये, त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर टोनी एव्हर्स यांच्यापुढे अर्थसंकल्प आला. शाळांना दर विद्यार्थ्यामागे उभारता येणाऱ्या पैशांची मर्यादा वर्षाला ३२५ डॉलरनं वाढवायची होती, ‘२०२३-२४’ आणि ‘२०२४-२५’ या दोन वर्षांसाठी. एव्हर्स यांनी मधले शब्द, ‘२०’ आणि छोटी रेघ खोडली. उरलं ‘२४२५’. दोन वर्षांची वाढ चारशे वर्षांची झाली! २०२५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी ती वैध ठरवली. १९९०ची बंदी अक्षरांवर होती, अंकांवर नव्हे.