पोटाचं दुखणं, मनाचा ताण

एसटीत बसण्याआधी ती दोनच गोष्टी विचारते. गाडी मध्ये कुठे थांबते आणि तिथे स्वच्छतागृह आहे का? आदल्या रात्रीपासून ती जेवतही नाही. लग्नाची पत्रिका हातात पडली, की आधी पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात, ‘हिला माणसांत मिसळायलाच नको!’

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आजार असलेल्या कितीतरी जणींचं रोजचं जगणं असंच असतं. आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते, आतड्याला सूज येते, व्रण होतात. दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला पळावं लागतं, रक्त पडतं. अनेकजणी ते मूळव्याध समजून वर्षानुवर्षं अंगावर काढतात. आजार वर्षानुवर्षं साथ करतो; कधी शांत असतो, कधी उचल खातो.

पण सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते एकच वाक्य : ‘टेन्शन घेतेस ना, म्हणून होतं!’ एके काळी डॉक्टरही असंच मानत. १९५०च्या सुमारास अल्सरेटिव्ह कोलायटिसची गणना मनातून उपजणाऱ्या आजारांत होत असे. आज तसं मानत नाहीत. ताणामुळे त्रास वाढू शकतो, पण आजार ताणातून जन्माला येत नाही. तेव्हा बाईच्या स्वभावावर खापर फोडणं आता पुरे.

उलट बाजू मात्र खरी आहे. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा या रुग्णांपैकी साधारण तिघांत एकाला चिंतेचा आणि चौघांत एकाला नैराश्याचा त्रास आढळला. आजार भडकलेला असताना हे प्रमाण आणखी वाढतं. त्यात स्टिरॉइडच्या गोळ्या! त्यांनी चेहरा सुजतो, झोप उडते, विनाकारण चिडचिड होते, रडू येतं. तो औषधाचा परिणाम असू शकतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून त्या गोळ्या मनानं बंद करू नका हं, एकदम थांबवणं धोक्याचं असतं. डॉक्टरांना सांगा, ते हळूहळू कमी करतील.

पोटाच्या डॉक्टरांकडे गर्दी असते, पाच मिनिटांत कागद हातात मिळतो. मनाचं विचारायला त्यांना वेळ नसतो आणि सांगायला आपल्याला लाज वाटते. मग आपणच विषय काढायचा. ‘दोन आठवडे झाले, कशातच मन लागत नाही, झोप नाही,’ एवढं म्हटलं तरी पुरे. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात तर पोटाच्या औषधांची चिठ्ठी सोबत न्या. समुपदेशनानं आतड्याची सूज उतरत नाही, पण भीती आटोक्यात येते, घराबाहेर पडणं सोपं होतं. पोटाची औषधं चालूच ठेवायची.

लग्नाच्या मुलींचा आजार तर घरातच दडपला जातो. ‘मूल होणार नाही’ ही भीती त्यामागे असते. आजार शांत असताना दिवस राहिले तर बहुतेकींचं बाळंतपण नीट होतं. औषधांचं मात्र आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं लागतं.

गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ ही फोनसेवा सुरू आहे. १४४१६ हा नंबर फिरवा. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री चालतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटायला लागला, तर सकाळ होण्याची वाट न बघता तेव्हाच फिरवा, घरातल्या कुणाला तरी उठवा.