पासपोर्ट छोट्या देशाचा असतो तेव्हा…

आमच्या हॉस्टेलच्या गेटवर रात्री जे काका बसतात, त्यांना सगळ्या मुली 'बहादूर' म्हणतात. त्यांच्या आधी जे होते, तेही 'बहादूर'च होते. समोरच्या सोसायटीतले? तेही तेच! दोन वर्षं मी याच गेटमधून ये-जा करतेय, पण काकांना त्यांचं नाव विचारावं असं कधी सुचलंच नाही. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलीने हे कबूल करायला जरा लाजच वाटते.

विचारलं ते गेल्या वर्षी दिवाळीत. इंटर्नशिपमुळे मी घरी गेले नव्हते आणि हॉस्टेल जवळजवळ रिकामं होतं. रात्री ऑफिसातून आले तर काका मोबाइलवर कसलातरी व्हिडिओ बघत बसलेले. नेपाळचा झेंडा पांघरलेली एक शवपेटी, भोवती फुलं, माणसांची गर्दी. मी थांबले तसा त्यांनी मोबाइल माझ्याकडे वळवला. "दीदी, हा आमच्या तिकडचा पोरगा. दोन वर्षांनी घरी आला बघा. पळवून नेला तेव्हा बावीसचा होता."

मीही बावीसचीच. म्हणून खोलीवर जाऊन तो कोण होता ते शोधत बसले. त्या एका शोधाने 'परराष्ट्र धोरण' हा सेमिस्टरला पंधरा मार्कांसाठी पाठ केलेला धडा पार बदलून टाकला.

शिकायला गेला होता

त्या मुलाचं नाव बिपिन जोशी. नेपाळच्या पश्चिम टोकाला सुदूरपश्चिम प्रांत आहे, तिथला तो शेतकी शिकणारा विद्यार्थी. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये 'शिका आणि कमवा' अशा एका योजनेतून तो इस्राएलला गेला. शेतात काम करायचं, नवं तंत्र शिकायचं, हातात चार पैसे घेऊन परत यायचं, असा साधा बेत. अलुमिम नावाच्या किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीवर, असे १७ नेपाळी विद्यार्थी होते. गाझाची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांना तिथे जेमतेम तीन आठवडे झाले होते.

७ ऑक्टोबरला हमासने हल्ला केला. ही मुलं एका आसऱ्यात लपली. आत हातबॉम्ब पडला तेव्हा बिपिनने तो उचलून बाहेर फेकला आणि काही मित्र वाचले, असं वाचलेल्या मुलांनी सांगितलं. १७ पैकी १० जण त्या दिवशी मारले गेले. बिपिनला पकडून गाझात नेलं.

पुढचे काही दिवस नेपाळ सरकार हललं, हे मान्य करायला हवं. परराष्ट्रमंत्री एन. पी. सौद स्वतः विमान घेऊन तेल अवीवला गेले आणि सुमारे अडीचशे नेपाळींना परत घेऊन आले. त्यात बहुतेक विद्यार्थीच होते. पण बिपिनचं काय? त्याच्यासाठी कुठलं दार वाजवायचं?

थायलंडचेही बरेच शेतमजूर ओलीस होते. थायलंडने इराण, कतार अशा वेगवेगळ्या वाटांनी बोलणी केली आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्येच त्यांचे वीसहून अधिक जण सुटले. नेपाळकडे तसा दबाव नव्हता, तशी ओळखही नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये कतारचे अमीर काठमांडूला आले, तेव्हा नेपाळने त्यांच्याकडे बिपिनच्या सुटकेसाठी मदत मागितली. बिपिनच्या घरचे काठमांडूला चकरा मारत राहिले, नंतर थेट इस्राएलला गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविरामानंतर ओलिसांचे मृतदेह परत आले, त्यात बिपिनचा होता. काकांच्या मोबाइलवर दिसत होती ती त्याचीच शवपेटी.

देश दोन दगडांमध्ये

आधुनिक नेपाळ उभा करणारा राजा पृथ्वीनारायण शाह. त्याने अठराव्या शतकातच आपल्या देशाला दोन दगडांमध्ये अडकलेल्या कंदाची उपमा दिली होती. एक दगड उत्तरेचा, एक दक्षिणेचा. अडीचशे वर्षं होत आली तरी नेपाळचा परराष्ट्र व्यवहार याच उपमेपासून सुरू होतो. कुणाशीही वैर घ्यायचं नाही, कुणाच्या कुशीतही शिरायचं नाही.

म्हणून नेपाळ १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात गेला, १९६१ मध्ये अलिप्त राष्ट्रांच्या पहिल्या बैठकीत बसला. १९६० मध्ये इस्राएलशी राजनैतिक संबंध जोडले, तेही दक्षिण आशियात सगळ्यात आधी. आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइनलाही मान्यता दिली. सार्कचं सचिवालय काठमांडूत आहे. जगभरच्या शांतिसेनेत नेपाळी सैनिक मोठ्या संख्येने आहेत. छोट्या देशाने जगात आपली जागा कशी करावी, याचा हा चांगला नमुना आहे.

पण या 'सगळ्यांशी गोड' धोरणाची खरी परीक्षा होते ती आपला माणूस परक्या देशात अडकतो तेव्हा. आणि नेपाळची अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. २०२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ९२ लाख, त्याशिवाय परदेशी गेलेले सुमारे २२ लाख नोंदले गेले. ही माणसं घरी पाठवतात तो पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ पाव हिस्सा भरतो. आपल्याकडे एखाद्या घराचा खर्च बाहेरगावी कमावणाऱ्या मुलावर चालतो ना? तिकडे अख्खा देश तसा चालतो.

बारा जण आणि एक शहर

नेपाळला हा धडा सगळ्यात क्रूरपणे शिकवला तो २००४ च्या ऑगस्टने. हॉटेलात नोकरी मिळेल म्हणून बारा तरुण जॉर्डनला गेले आणि तिथून त्यांना इराकमध्ये नेण्यात आलं. वाटेत अतिरेक्यांनी त्यांना पळवलं. इराकमध्ये नेपाळची वकिलातच नव्हती. ३१ ऑगस्टला बाराही जणांच्या हत्येची बातमी आली. दुसऱ्या दिवशी काठमांडू पेटलं. माणसं बाहेर पाठवणाऱ्या मॅनपॉवर कंपन्यांची कार्यालयं लोकांनी फोडली. मशीद आणि मुसलमानांची दुकानंही जाळली गेली, ज्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

त्या बारा जणांना जॉर्डनची नोकरी सांगून इराकला नेलं, यात एजंट होता, मालक होता, परके देश होते. पण त्यांच्या बाजूने उभं राहायला कुणी नव्हतं. २००७ मध्ये नेपाळने वैदेशिक रोजगाराचा नवा कायदा केला. आता बाहेर कामाला जाताना सरकारची 'श्रम स्वीकृती' लागते. विमा काढावा लागतो, जाण्याआधीचा वर्ग करावा लागतो आणि एका कल्याण निधीत पैसे भरावे लागतात. तिकडे मृत्यू झाला, अपंगत्व आलं तर या निधीतून घरच्यांना मदत मिळते. कोविडमध्ये मजूर जागोजागी अडकले, तेव्हा याच निधीतून त्यांना परत आणा असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सरकारला सांगावं लागलं.

'नाही' म्हणायची किंमत

आता एक गंमत बघा. गंमत म्हणजे, हसू येण्यासारखी नाही. कतारमधल्या नेपाळच्या राजदूत माया कुमारी शर्मा यांनी एका मुलाखतीत कतार म्हणजे मजुरांसाठी खुलं कारागृह आहे, अशा अर्थाचं विधान केलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. तेव्हाच्या 'कफाला' पद्धतीत मजुराला मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती, देशही सोडता येत नव्हता. पण सप्टेंबर २०१३ मध्ये राजदूतबाईंनाच परत बोलावलं गेलं. लाखो माणसांची रोजीरोटी ज्याच्या हातात, त्याला दुखवायचं कसं?

मग छोट्या देशाने गप्पच बसायचं का? तर असंही नाही. २०१८ च्या मे महिन्यात नेपाळने मलेशियाला माणसं पाठवणं थांबवलं. व्हिसा, वैद्यकीय तपासणी अशा नावांखाली खासगी कंपन्या मजुरांकडून भरमसाट पैसे उकळत होत्या. तेव्हाचे कामगारमंत्री गोकर्ण बिष्ट अडून बसले. ऑक्टोबरमध्ये मलेशियाने करार केला की जाण्या-येण्याचा आणि व्हिसाचा खर्च मालक करेल. प्रत्यक्षात माणसं जायला लागायला मात्र वर्षाहून अधिक काळ गेला. तेवढा काळ कितीतरी घरांतल्या मुलांनी नुसती वाट बघितली. 'नाही' म्हणण्याची किंमत मंत्रालय भरत नाही, ती त्या घरांतून भरली जाते.

आणि कधीकधी सरकारने 'नाही' म्हटलं तरी माणसं जातातच. २०१७ मध्ये आखातात घरकामाला जाण्यावर बंदी आली. त्यानंतरही बायका भारतात येऊन दिल्ली, मुंबईच्या विमानतळावरून जात राहिल्या. आता त्या कागदावर कुठेच नव्हत्या, म्हणजे अडचणीत आल्या तर दाद मागायलाही जागा नाही. रशियाच्या सैन्यात भरती झालेल्या नेपाळी तरुणांचंही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये सहा जण मारले गेल्याचं नेपाळने जाहीर केलं, जानेवारीत रशिया आणि युक्रेनला कामासाठी जायची परवानगी बंद केली. पण ज्यांनी परवानगी घेतलीच नव्हती, त्यांना बंदी काय अडवणार?

कागदावर नसलेले काका

हे सगळं वाचून मी पुन्हा गेटवर गेले. यावेळी वही घेऊन. काका अछामचे, म्हणजे बिपिनच्या प्रांतातलेच. त्या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबई-पुण्याकडे येतात. १९५० च्या करारामुळे भारतात यायला त्यांना ना व्हिसा लागतो ना पासपोर्ट. काका एकोणीस वर्षांपूर्वी आले, एका पिशवीसकट. त्यांचा भाचा मात्र दोहात आहे. कायद्याने मालकाने तिकीट-व्हिसा द्यायचा असतो, तसा नियम नेपाळने २०१५ मध्येच केलाय. "नियम आहे ना दीदी," काका म्हणाले, "पण एजंटला नियम वाचता येत नाही. व्याजाने पैसे काढले, अजून फेडतोय."

मी विचारलं, "काका, तुम्हाला काही झालं तर तो कल्याण निधी मिळतो का?"

ते हसले. "आम्ही परदेशात कुठे आहोत? आम्ही तर इंडियात!"

उत्तर बरोबर होतं. भारतात यायला श्रम स्वीकृती लागत नाही, म्हणून त्या निधीचं छत्रही डोक्यावर नाही. उघड्या सीमेची सोय आणि उघड्या सीमेची अडचण, दोन्ही एकाच वाक्यात. आणि मत? मार्च २०१८ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशातल्या नागरिकांच्या मतदानाची सोय करा असा आदेश दिला. २०२२ च्या निवडणुकीत ती सोय झालेली नव्हती. देश चालवायला पैसा यांचा, पण देश कुणी चालवायचा हे ठरवताना हे रांगेतच नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूच्या रस्त्यांवर आपल्याच वयाची मुलं उतरली, ते आठवत असेल. सोशल मीडियावरची बंदी आणि भ्रष्टाचार ही कारणं आपण वाचली. पण नेत्यांच्या मुलांच्या चैनीच्या रील्स का व्हायरल झाल्या, हे मला काकांशी बोलल्यावर नीट कळलं. एकाच देशातली दोन मुलं परदेशात जातात. एकाचा फोटो महागड्या दुकानासमोर, दुसऱ्याचा डोक्यावर हेल्मेट घालून बांधकामावर.

आपला देश मोठा आहे, म्हणून आपण सुरक्षित, असं वाटणं सोपं आहे. २०१५ मध्ये येमेनमधून आपल्या जहाजांनी आणि विमानांनी भारतीयांबरोबर नेपाळींनाही बाहेर काढलं, हे खरंच. पण आपल्यातलेही कितीजण एजंटच्या शब्दावर निघतात? ऑफर लेटर कुणाच्या नावाचं आहे, तिथली आपली वकिलात कुठे आहे, तिथे नाव नोंदवलंय का, यातलं किती आपल्याला माहीत असतं? तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे, हे मला तरी हा लेख लिहितानाच कळलं. जाणाऱ्या मित्राला तेवढं सांगून ठेवा.

काकांचं नाव मी विचारलं आणि त्यांनी ते सांगितलंही. पेपरात नको म्हणाले, म्हणून इथे देत नाही. निघताना मी त्यांना 'दाई' म्हटलं. नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ. ते खूश झाले. मग मराठीत दाई म्हणजे कोण, हेही सांगितलं, तेव्हा तर खुर्चीतच लोटपोट झाले.

आता हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर तरी त्यांना कुणी 'बहादूर' म्हणत नाही.